डावा कौल पडल्यानंतर

ज्यांच्या घरात सध्या एक निर्णय अडकून पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऑपरेशन करायचं की नाही, उपचार सुरू करायचे की थांबायचं, हे ज्यांना ठरवता येत नाही आणि ठरवता येत नाही हे कुणाला सांगताही येत नाही, त्यांच्यासाठी. आजार कसा बरा होतो ते मला ठाऊक नाही, ते डॉक्टरांना विचारा. मला ठाऊक आहेत ते मधले आठवडे. तेव्हा मी आजारी माणसासारखी अंथरुणावर नव्हते आणि बऱ्या माणसासारखी कामावरही नव्हते. त्या आठवड्यांइतकं एकटेपण मी नंतर इस्पितळातही अनुभवलं नाही.

गाठ

माझे वडील मालवणात छोटा छापखाना चालवायचे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि मनासाठी पत्रकं. ट्रॉलरवाले किनाऱ्याला खेटून जाळी टाकतात आणि किनाऱ्यावरून रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढणाऱ्या माणसांच्या हाती काहीच येत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मला अक्षरओळख झाली ती शाळेच्या पुस्तकातून नाही, तर शाई सांडून फुकट गेलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यातून. 'निषेध' हा शब्द मी 'नारळ'च्या आधी वाचायला शिकले. उरलेली पत्रकं आई, आमची आये, मासळीबाजारात न्यायची आणि त्यात बांगडे गुंडाळून द्यायची. बाबा म्हणायचे, लोक वाचत नाहीत असं कोण म्हणतो, प्रत्येक घरात जातंय.

बाबा गेले, छापखाना विकला गेला. पत्रकं मी लिहायला लागले आणि सभांत बोलायलाही. माझा आवाज मोठा होता. कर्णा बंद पडला तरी मागच्या होडीवर बसलेल्या माणसाला माझं वाक्य ऐकू जायचं. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

दोन हजार तीन साली मी सव्वीस वर्षांची होते. एका दुपारी सभेहून येऊन घटाघट पाणी पीत होते आणि आये समोर बसून माझ्याकडे बघत होती.

"बाय, तुझ्या गळ्यात ता काय गो?"

"खंय काय?"

"पाणी गिळतंस तेव्हा वरखाली होता. परत गिळ बघया."

मी गिळलं. तिने बोट लावून पाहिलं.

"बोलान बोलान सुजला आसतला," ती म्हणाली. "ट्रॉलरवाल्यांका इतक्यो शिव्यो घालतंस, त्येतलीच एक अडाकली आसतली."

आम्ही दोघी हसलो. त्या गाठीवर आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच.

कोल्हापूर

ओरोसच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथून सुईच्या तपासणीसाठी कोल्हापूरला पाठवलं. अहवाल घ्यायला मी एकटीच गेले, कारण आयेला मी 'साधी गाठ आहे' असं सांगून ठेवलं होतं आणि स्वतःलाही.

डॉक्टर मध्यम वयाचे, थकलेले, सज्जन गृहस्थ होते. त्यांनी कॅन्सर हा शब्द पटकन उच्चारून टाकला आणि लगेच पुढे बोलू लागले, म्हणजे मला त्या शब्दापाशी थांबता येऊ नये.

"हा हळू चालणारा प्रकार आहे. पण चालतोय, हे लक्षात घ्या. काढला तर बरं होण्याची शक्यता चांगली आहे. एकच अडचण आहे. आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून गेलेली दिसते. ती सोडवता आली तर उत्तम."

"नाही आली तर?"

"तर आवाज बसेल. कदाचित थोडा, कदाचित बराच. आत गेल्याशिवाय कळणार नाही. तुम्ही काय करता?"

"बोलते," मी म्हटलं.

ते हसले, मग माझा चेहरा पाहून थांबले.

ठरवायला किती वेळ आहे, असं मी विचारलं. आठवडे आहेत, महिने नाहीत, असं ते म्हणाले.

परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "खंयच्या तुम्ही?" मालवणच्या, म्हटलं. मग सगळा फोंडाघाट उतरून कणकवली येईपर्यंत ती आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगत राहिली. ती गप्प बसली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. त्या सुनेचा स्वयंपाक मला अजून आठवतो. डॉक्टरांनी शेवटी काय काय सांगितलं त्यातलं काहीच आठवत नाही.

मथळा सुचेना

जे कळत नाही ते लिहून काढायचं, ही घरची शिकवण. मी कोरा कागद घेऊन स्वतःसाठी पत्रक लिहायला बसले. ऑपरेशन का केले पाहिजे. चांगले ठाम मुद्दे सुचले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन का करू नये, यावर बसले. तेही तितकंच ठाम झालं. मला दोन्ही बाजूंनी भाषण ठोकता येत होतं आणि दोन्हीकडे टाळ्या पडल्या असत्या. पण वर मथळा काय द्यायचा ते कळत नव्हतं.

सभेतली सहकारी मंडळी भेटायला आली. चांगली माणसं होती. त्यांनी शहाळी आणली, ओसरीवर बसली आणि म्हणाली की मोसम तोंडावर आहे, ट्रॉलरवाल्यांशी गाठ आहे, तुझ्याशिवाय उभं कोण राहणार? गाठ हळू चालणारी आहे ना, मग थोडं थांबून कर. मी मान हलवली. मग त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, नाही, जीव आधी. मी त्यालाही मान हलवली. दोनतीन वेळा अशी फेरी झाल्यावर त्यांचं येणं कमी झालं. दोष देत नाही. ज्याचं काही ठरत नाही त्याच्याजवळ बसणं फार कंटाळवाणं असतं. रडणाऱ्या माणसाला माणसं सोबत करतात, लढणाऱ्याला करतात. लटकलेल्याला कुणी करत नाही.

कौल

आमच्याकडे गावच्या देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. जमिनीपासून सोयरिकीपर्यंत सगळं असं विचारलं जातं.

मी या कौलाविरुद्ध पत्रक काढलेलं होतं. आमच्या भागात एका विधवेला नवऱ्याच्या होडीतला वाटा द्यायचा की नाही हे फुलांवर ठरवलं गेलं आणि फूल डावीकडचं पडलं, तेव्हा मी लिहिलं होतं की देवाच्या आड लपून माणसांनी निर्णय घेऊ नयेत. ते पत्रक मी मागे घेतलेलं नाही. घेणारही नाही.

एका सोमवारी आये बाजारात गेलीच नाही. दुपारी आली ती ओल्या केसांनी, कपाळाला कुंकू लावून. चुलीपाशी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवाक इचारलंय मी."

"काय इचारलंस?"

"कापूचा की नको ता. तुझ्या काकान कौल लावल्यान."

"मगे?"

"डावो पडलो."

माझं डोकं फिरलं. "गळो माझो, आणि इचारलंस तू? माका न सांगता?"

"तुका सांगान काय उपेग? सोमवारी म्हणतंस जातलंय, मंगळवारी म्हणतंस नको. कोणीतरी ठरवूक नको?"

हे खरं होतं आणि म्हणून जास्त लागलं. मी खूप बोलले. अंधश्रद्धा, बायकांची गुलामी, बाबांच्या आयुष्याचं काय झालं, सगळं काढलं. आये ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "सभा झाली काय? जेवूक वाढतंय." तिने मला वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या दारी गेली. त्या दिवसापासून आम्ही वेगवेगळ्या जेवायला लागलो. एका खोलीच्या घरात ते किती अवघड असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

मी कौल मानत नाही. पण मानत नाही म्हणून ते डावं फूल डोळ्यांसमोरून जात नव्हतं. मी गेले आणि टेबलावरच संपले, तर आये जन्मभर म्हणेल, देवाने सांगितलं होतं. नाही गेले, तर मी स्वतःच्या पत्रकाविरुद्ध मरेन. आणि या दोन्हींच्या खाली जी भीती होती ती मी कुणाजवळ बोलले नाही. जगेन, पण आवाजाशिवाय. मग मी म्हणजे कोण?

इस्पितळाने दिलेल्या तारखेला मी पिशवी भरून निघाले. कणकवलीला गाडी बदलायची होती. कोल्हापूरची एसटी लागली, माणसं चढली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली. मी बाकावर बसून राहिले. कुणी अडवलं नव्हतं, पाय दुखत नव्हते. एसटी गेली. मी उलट्या गाडीने घरी आले आणि आयेला सांगितलं, गाडी चुकली. तिने पिशवी घेऊन खुंटीला अडकवली. बूथवरून इस्पितळात फोन केला तेव्हा तिथला माणूस नवी तारीख देताना सौम्यपणे म्हणाला, "ताई, या वेळी नक्की ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला जाणवलं की मी ते खरं बोलले की खोटं, हेही मला ठाऊक नाही.

काका

आता मी जे केलं ते माझ्या विचारांच्या माणसांना आवडणार नाही. मी काकाकडे गेले.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. होडी त्यांची आणि वाडीत गाऱ्हाणं घालण्याचा मानही त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने बोलणं. काका एकेक वाक्य म्हणतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्याकडची प्रार्थना अशी असते. एकट्याने करायची गोष्टच नाही ती.

ते किनाऱ्यावर जाळं शिवत बसले होते.

"काका, कौल परत लावशात काय?"

त्यांनी मान वर केली. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

"कोण बोलता ह्या? कौलाच्या इरोधात कागद वाटणारा चेडू तां तूच मां?"

"चेष्टा नको काका."

"चेष्टा तू करतंस. उजवो पडतलो तोपर्यंत लावत रवतलंस? मगे देवाक कित्याक तरास? खिशात नाणा आसा, ता उडव."

मी वाळूत बसले. बराच वेळ ते शिवत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बापाशीन जल्मात देवाक हात जोडूक नाय. पण देवान तेका कधी टाकूक नाय. ह्यां मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. चल, मी तुझ्यासाठी गाऱ्हाणा घालतंय."

"नको. मीच घालतंय."

"बायलमाणसां गाऱ्हाणा घालणत नाय."

"म्हणानच घालतंय."

"घाल मगे," काका म्हणाले. "पण व्हय म्हणाक कोण नाय आसतला हां."

देवळात

दुपारची वेळ होती. देवळात कुणी नव्हतं. समईतलं तेल संपत आलेलं, जमीन थंड. मी पाषाणासमोर उभी राहिले आणि मला बोलता येईना. कलेक्टरसमोर बोलताना कधी अडखळले नव्हते. शेवटी सुरुवात केली आणि काय केली असेल? मी मागण्या मांडायला लागले. एक, माझा आवाज शाबूत राहिला पाहिजे. दोन, जीव राहिला पाहिजे. तीन, आयेला हा नाद सोडायला लावा. देवळाच्या दगडी भिंतींनी माझा आवाज परत माझ्याकडे पाठवला, चांगला खणखणीत, आणि तो ऐकून माझी मलाच लाज वाटली. मी मोर्चा घेऊन आले होते. फक्त मागे माणसं नव्हती.

मग मी आमच्या भाषेत सुरुवात केली, काका करतात तशी.

"बा देवा म्हाराजा."

आणि सवयीने थांबले. व्हय म्हाराजा यायला हवं होतं. आलं नाही. बाहेर माडांचा आवाज तेवढा येत होता. लहानपणापासून प्रत्येक गाऱ्हाण्यात ती जागा मी शंभर माणसांच्या आवाजाने भरलेली ऐकली होती, ती आता रिकामी होती. मला तेव्हा कळलं की गेल्या काही आठवड्यांत मी सगळ्यांशी बोलले आणि कुणाकडूनही 'हो' ऐकलं नाही.

"ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा."

शांतता.

"तेका काय करूचा ता कळणा नाय."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी खाली बसले. मला कळत नाही. एवढी पत्रकं लिहिली, पण एकाही पत्रकात मी हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कशी? मला कळत नाही असं म्हणणाऱ्यामागे मोर्चा निघत नाही. मी खूप रडले. मग रडता रडता लक्षात आलं की माझी नजर पाषाणाच्या खांद्यावरच्या फुलावर आहे. सकाळच्या पूजेचं तांबडं फूल, उजव्या बाजूला. ते पडतंय का, हे मी बघत होते! रडण्यातही मी कौल लावून बसले होते. मला हसू आलं, त्या देवळात एकटीच मोठ्याने हसले, आणि मग डोळे मिटून घेतले, म्हणजे ते फूल दिसायला नको.

डोळे मिटल्यावर काय झालं ते सांगते. काही झालं नाही. आवाज आला नाही, प्रकाश दिसला नाही. फूल पडलं की नाही ते मी आजतागायत पाहिलेलं नाही, मी मागे न बघता बाहेर आले. पण तिथे बसलेली असताना एक गोष्ट माझ्यापुढे साधी झाली. मला हमी हवी होती, आणि हमी कुणाकडेच नव्हती. डॉक्टरांकडे नाही, फुलाकडे नाही. उजवीकडे गेले तरी देवाच्या हातातच जाणार होते, डावीकडे गेले तरी त्याच हातात. त्याच्या हाताबाहेर पडेन असा एकही रस्ता नव्हता. मग मी इतकी चाचपडत कशाला होते? त्याने मला बुद्धी दिली, डॉक्टर दिला, एसटी दिली. आवाजही त्यानेच दिला होता. मी तो माझा मानून मुठीत आवळून धरला होता, आणि आवळलेल्या मुठीने काहीच घेता येत नाही, देताही येत नाही.

"आवाज तुझो," मी म्हटलं. "व्हयो तर ठेव, व्हयो तर घे. मी जातंय. तू वांगडा रव."

बस, सोबत राहा, एवढंच गाऱ्हाणं. कुणी व्हय म्हटलं नाही. तरी ते पुरलं.

एकटीचा वॉर्ड

घरी आयेला सांगितलं, "मी जातंय. तुझो कौल तुझ्याकडे रवांदे. तुका येवचा नसला तर येव नको." ती मासे निवडत होती. हात थांबले नाहीत.

कोल्हापूरची एसटी लागली तेव्हा या खेपेला मी चढले.

भरवसा ठेवला की भीती जाते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भीती माझ्याबरोबर वॉर्डात आली आणि पलंगावर शेजारी बसली. फरक एवढाच की आता ती मला उठवून परत घरी नेत नव्हती. सकाळी चादरी बदलणारी बाई यायची, मग चहा, मग ताप बघणं, मग साहेबांची फेरी. दर फेरीला एक नवा शिकाऊ डॉक्टर माझा गळा चाचपायचा आणि पाणी प्यायला सांगायचा. फॉर्म भरणाऱ्या नर्सने विचारलं, "बरोबर कोण?" कुणी नाही, म्हटलं. दुसरीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. तिसरीच्या हातातून फॉर्म घेऊन मी स्वतःच ते लिहिलं. भेटीच्या वेळी प्रत्येक पलंगाभोवती माणसं बसायची, डबे उघडायचे, आणि मी भिंतीकडे तोंड करून वाचत असल्याचं दाखवायची. समोरच्या पलंगावरच्या कागलच्या मावशी रोज ओरडायच्या, "ए मालवण, भाकरी खातीस का?" त्या भाकरीचे उपकार मी विसरणार नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला हिरवा झगा घालून बसवलं होतं. वॉर्डच्या दारात गडबड ऐकू आली. नर्स कुणाला तरी अडवत होती आणि एक ओळखीचा आवाज बाजारात भाव करावा तसा तिच्याशी वाद घालत होता. आये. कणकवलीच्या पुढे ती कधी एकटी गेलेली नव्हती. पदर खोचलेला, हातात पिशवी, डोळे लाल.

ती येऊन पलंगाशी उभी राहिली. मी म्हटलं, "देवान नको म्हटल्यान मां?"

"म्हटल्यान," ती म्हणाली. "पण तुझी आये माका कोणी केल्यान? त्येणाच मां? मगे तेका मी बघून घेतंय. तू सरक, माका बसूक दी."

मी सरकले. स्ट्रेचर येणार होतं. मी तिचा हात धरला आणि हळू आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा."

आयेने दचकून इकडेतिकडे पाहिलं. "गो, काय करतंस? बायलमाणसान…"

"आज ह्या तुझा लेकरू तुझ्या हातात जाता हा."

मग डोकं खाली घालून, पुटपुटत, ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"डॉक्टराच्या हातावर तुझो हात ठेव."

"व्हय म्हाराजा." या वेळी मोठ्याने.

"आवाज ऱ्हवांदे नाय तर जांवदे, आये आणि मी एका ताटात जेवांदे."

आयेला व्हय म्हणता आलं नाही. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की बोटं उमटली. समोरून कागलच्या मावशी म्हणाल्या, "काय म्हनताय गं मायलेकी? काय कळंना, पर चांगलं हाय."

नंतर

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "नाव सांगा." मी सांगितलं. नुसती हवा आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खरं ते सांगितलं. गाठ पूर्ण निघाली, पण एका बाजूची नस वाचली नाही. मी मान हलवली. ते गेल्यावर तोंडावर चादर ओढून रडले. दिलं होतं, तरी रडले. देणं आणि जाणं यांत अंतर असतं आणि ते अंतर चालूनच पार करावं लागतं.

काही महिन्यांनी आवाज आला, पण हा वेगळा आहे. बारीक, घोगरा, वाऱ्यात विरून जाणारा. बाजारात मला हाक मारता येत नाही. रिक्षावाल्याला थांबवायला हात करावा लागतो. सभेत आता दुसरी माणसं बोलतात. काही फार वाईट बोलतात आणि मी खाली बसून दात ओठ खाते. पत्रकं अजून मीच लिहिते. पूर्वीपेक्षा लहान लिहिते.

घरात वाद मिटलेला नाही. काका म्हणतात, "कौल खरोच. आवाज गेलो की नाय?" आये म्हणते, "जीव रवलो ता दिसणा नाय तुमका? डोळे फुटले?" दोघं माझ्यासमोर भांडतात आणि मी भात कालवते. माझी प्रार्थना ऐकली गेली का, असं मला विचारतात. मी गाठ काढून मागितली नव्हती, सोबत मागितली होती. ती मिळाली. कौलाला माझा विरोध आजही आहे, कारण तो निर्णय माणसाच्या हातातून काढून घेतो. मी त्या देवळात गेले तेव्हा निर्णय माझ्याच हातात राहिला, फक्त मूठ सैल झाली. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. आवाज जपून वापरावा लागतो.

गेल्या वर्षी तपासणीसाठी कोल्हापूरला गेले होते. दरवर्षी जाते आणि दरवर्षी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून दारावरची पाटी पुन्हा पुन्हा वाचते. शेजारी खारेपाटणची एक बाई होती, माझ्याहून मोठी, मानेवर पदर ओढून बसलेली. एकटी. बोलता बोलता तिने पदर सरकवून दाखवला. मग माझ्या गळ्यावरचा वण बघितला.

"तुम्ही करून घेतलंत?"

"हो."

"म्हणून आवाज असा?"

"हो."

तिने पदर परत मानेवर ओढून घेतला. "खरं सांगा. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

गाठीच्या आधी कुणी मला असं विचारलं असतं तर मी उभी राहून, मुद्द्यांसकट, तिला सांगितलं असतं. मी म्हटलं, "मला कळत नाही हो. तुमचा गळा निराळा आहे."

तिचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "आत डॉक्टर काय सांगतात ते मला एकटीला ऐकायची भीती वाटते. सकाळपासून दोनदा उठून बाहेर जाऊन आले."

"मग दोघी ऐकू," मी म्हटलं.

नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही. मी तिची पिशवी उचलली आणि उभी राहिले, घाई न करता. थोड्या वेळाने तीही उठली.